आवाज नसलेलं रडणं

परळच्या हॉस्पिटलात माझा मुलगा काचेच्या पेटीत होता. दिवस भरायच्या आधीच जन्मला, म्हणून रोज त्याच्या टाचेत सुई टोचून तपासायला रक्त घ्यायचे. मी दाराशी उभी राहून बघायचे. सुरुवातीला तो मांजराच्या पिल्लासारखा रडायचा. मग एका सकाळी सुई टोचली, त्याने तोंड उघडलं, कपाळावर आठ्या पडल्या, आणि आवाजच आला नाही. डोळे पेटीच्या एका कोपऱ्यावर खिळलेले. तिथे काहीच नव्हतं.

मग रोजच तसं व्हायला लागलं. त्या एवढ्याशा तोंडाचा मुका आ बघून माझ्या अंगावर काटा यायचा.

लालबागहून डबा घेऊन येणाऱ्या सासूबाई मात्र निवांत होत्या. "सटवाय बसली हा थंय," त्या म्हणाल्या. "ती खेळवता त्येका, म्हणान रडणा नाय."

पाचवी पुजायची राहिली, म्हणून सटवाई स्वतःच इथवर आली, असं त्यांचं ठाम मत. एरवी वाद घालण्यात आमच्या घरात माझा हात कोणी धरत नाही. पण मला ते खरं असायला हवं होतं. त्याच्याजवळ कोणीतरी आहे, त्याला दुखत नाही. मीही त्या रिकाम्या कोपऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करायला लागले.

डॉक्टरीणबाईंना हे मी जवळजवळ कौतुकानेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"दुखतं त्याला. रडायलासुद्धा ताकद लागते हो, ती उरली नाहीये. उद्यापासून सुईच्या वेळी त्याला तुमच्या छातीवर घेऊन बसा. मध्ये कपडा नको."

ते ऐकून वाटली इतकी भीती मला त्या कोपऱ्याचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाऊनची बटणं सोडून बसले. सिस्टरने त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं घातलं. त्याची नजर अजून पेटीकडेच होती.

"तिका राग येतलो," सासूबाई दारातून पुटपुटल्या.

"येऊ दे," मी म्हटलं, आणि त्याचं डोकं तळहाताने झाकून तोंड माझ्याकडे वळवलं. सिस्टरने सुई टोचली.

तो रडला. बारीक, चिरका, पण रडला. इतर आया बाळांना गप्प करतात, मी म्हणत होते, "रड रे राजा, मी ऐकतेय."

थोड्याच वेळात तो माझ्या अंगावर झोपून गेला. सिस्टर त्याला पेटीत ठेवायला आली, तेव्हा मी दिला नाही.