राऊत काकूंच्या कानातली वायर

राऊत काकूंशी बोलायला गेलं की आधी त्यांचा अंगठा गळ्याजवळच्या वायरकडे जायचा. इअरफोनच्या त्या वायरवर, कानापासून वीतभर खाली, एक छोटं बटण होतं. ते एकदा दाबलं की समजायचं, गाणं थांबलंय, बोला. दोनदा दाबलं की पुढचं गाणं लागलंय, तुम्ही निघा. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कर्णिक साहेब बोलायला लागले की काकू हमखास दोनदा दाबायच्या, आणि साहेब ते आदराचं लक्षण समजून आणखी खुलायचे.

जेसल पार्कातल्या आमच्या जुन्या चार मजली इमारतीत काकू माझ्या समोरच्या दारात एकट्या राहायच्या. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून झालेली, त्यामुळे बोलणं स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. राग आला की मात्र समुद्राकाठच्या उत्तनमधल्या माहेराची बोली वर यायची. गाण्याचा काडेपेटीएवढा प्लेअर कमरेला खोचलेला. तो आखातातल्या भाच्याने कधीतरी आणून दिला होता. इमारतीतल्या सगळ्यांनी बिनवायरचे इअरफोन घेतले आणि ते शोधण्यात आयुष्य घालवायला सुरुवात केली, तरी काकू बधल्या नाहीत. म्हणायच्या, "बिनवायरची वस्तू आणि बिनबुडाचा माणूस, कधी घरंगळेल सांगता येत नाही."

संध्याकाळी त्या गेटजवळच्या बाकावर सुके बोंबील साफ करत बसायच्या. कर्णिक साहेबांनी एकदा वासाबद्दल फलकावर सूचना लावली. कोणाचं नाव नव्हतं, फक्त 'तळमजल्यावरील बाकाचा वापर करणाऱ्या सदस्या' असं होतं. काकूंनी ती शांतपणे वाचली आणि साहेबांना म्हणाल्या, "वास तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर येतो म्हणता. मग माझं कालवण शिजायच्या वेळेला तुम्ही माझ्या दारात मीटर कसला बघता?"

पण एरवी त्या बाकाजवळ कोणीही काहीही बोलायचं. कानात वायर असलेली म्हातारी आणि जिन्याखालचा पाण्याचा पंप यांच्यात आमच्या सोसायटीने कधी फरक केला नाही. पहिल्या मजल्यावरच्या जोशी वहिनी तर बहिणीला फोन करायला मुद्दाम तिथेच यायच्या, कारण घरात सून होती.

मग आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं निघालं. बिल्डरच्या माणसाने पेढे वाटले आणि मोबाइलवर नव्या इमारतीची चित्रफीत दाखवली. आमच्या नळाला दिवसाआड पाणी, पण चित्रफितीत गच्चीवर पोहण्याचा तलाव होता. लोक भारावून गेले.

एका संध्याकाळी तो माणूस आणि कर्णिक साहेब बाकाशी उभे राहून बोलत होते. काकू बोंबलांची डोकी मोडत होत्या.

लगेचच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. करारनामा टेबलावर, पेनं बाहेर. तेवढ्यात काकू उठल्या आणि त्यांनी दोन्ही कानांतले इअरफोन काढले. त्यांचे रिकामे कान आम्ही बहुधा पहिल्यांदाच पाहत होतो.

"अर्धं मिनिट घेते," त्या म्हणाल्या. "परवा बाकापाशी हे गृहस्थ म्हणाले, 'साहब, पझेशन की डेट ॲग्रीमेंट में मत डलवाना.' त्यावर आपले अध्यक्ष म्हणाले, 'कोणी विचारत नाही हो. सगळे ओट्याचा रंग विचारतायत.' मग ते घसा खाकरून म्हणाले, 'माझ्या रस्त्याकडच्या गाळ्याचं तेवढं बघा.' हे म्हणाले, 'वो तो पक्का है, साहब.'"

घसा खाकरणंसुद्धा हुबेहूब होतं. साहेब जागच्या जागी चुळबुळले.

"काकू, तुम्ही गाणी ऐकत असता. काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल."

"कसली गाणी? हा प्लेअर कधीचाच मेलाय, चार्जर मिळत न्हाय त्याचा. मी बहिरी न्हाय, कर्णिक. माझे कान शाबूत हायेत."

आता कोणीतरी कर्णिकांना जाब विचारेल, अशी माझी समजूत होती. माझं त्या वेळी इमारतीतल्या लोकांबद्दल फार चांगलं मत होतं. जोशी वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे काकू, इतके दिवस तुम्ही आमचं सगळं ऐकत होतात?"

झालं. प्रत्येकाला आपण बाकापाशी काय काय बोललो ते आठवायला लागलं. ताब्याची तारीख बाजूला राहिली आणि सभा नीतिमत्तेवर गेली. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं ही आपली संस्कृती नाही, असं साहेब गहिवरून म्हणाले. काकूंच्या निषेधाचा ठराव मंजूर झाला. विरोधात दोन हात होते, एक काकूंचा आणि एक माझा.

त्या गोंधळात सह्या झाल्याच नाहीत. पुढच्या मसुद्यात मात्र ताब्याची तारीख होती, उशीर झाल्यास दंडाच्या कलमासकट. ती आधी 'टायपिंगमध्ये राहून गेली होती' म्हणे. गाळा साहेबांना मिळालाच. अध्यक्षपदाचा मनस्ताप किती असतो, ते आपल्याला काय कळणार.

इमारत रिकामी करताना मी काकूंना विचारलं, "इतकं ऐकून घेतलंत, वाईट नाही वाटलं?"

"तारीख आली ना कागदावर? ऑपरेटरला कोण थँक्यू म्हणतं रे? लाइन लागली की लोक आपापसात बोलायला लागतात. आपण बाजूला व्हायचं."

त्या उत्तनला भावाकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेलो तर अंगणात बसल्या होत्या, गळ्यात वायर नव्हती. विचारलं, तर म्हणाल्या, "इथं काय करायची? इथं माणसं तोंडावर बोलतात. शिव्यासुद्धा."

इमारत तारखेला पुरी झाली. काकू त्याआधी काही महिने, झोपेतच गेल्या.

सगळे परत राहायला आल्यावर नव्या हॉलमध्ये शोकसभा झाली. कर्णिक साहेबांनी फार सुंदर भाषण केलं. "काकू कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. आपण भले, आपली गाणी भली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि सांगितलं की काकू मध्यात पडल्या म्हणून आज आपल्या डोक्यावर हे छप्पर आहे. लोकांनी माझ्याकडे, अंत्ययात्रेत हसणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग दोन मिनिटांची शांतता पाळली. साहेबांनी ती जरा आधीच संपवली, कारण नंतर हॉल वाढदिवसाला दिलेला होता.

फुगेवाले आत येत होते. मी निघालो तर दाराशी जोशी वहिनी थांबल्या होत्या. सून लिफ्टपाशी आहे, तिला आपलं बोलणं ऐकू जाणार नाही इतकी लांब, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"मी फोनवर हिच्याबद्दल काय काय बोलायचे," त्या हळूच म्हणाल्या. "पुढे ठरावाला हातही वर केला. आणि ही सून रोज त्यांच्याकडे चहाला जायची. त्यांनी एक शब्द सांगितला असता ना, तर माझं घर मोडलं असतं."

तेवढ्यात लिफ्ट आली. सुनेने दार धरून हाक मारली, "आई, चला," आणि वहिनी डोळे पुसत तिच्याकडे गेल्या.