शांतवन मास्तर आणि जादूची कसोटी

नांदुऱ्याच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गोष्टीतली जादू चांगली की वाईट, हे ठरवायचा मक्ता शांतवन मास्तरांकडे होता. तो त्यांना कुणी दिला नव्हता. मास्तर म्हणजे माझे मोठेबाबा, शाळेतून निवृत्त झालेले. संडे स्कूलच्या मुलांसाठी मी, म्हणजे त्यांची पुतणी मंजुश्री, गोष्टींची पुस्तकं आणायची आणि जादूगार, पऱ्या, चेटकिणी असलेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या घरी तपासणीला जायचं. मास्तर चष्मा पुसून असे बसत, जणू चेटकीण स्वतःच जामिनासाठी हजर झाली आहे.

त्यांची कसोटी एकच. कथेतली शक्ती देवानं दिलेली आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी वापरलेली असेल तर चांगली. कुणी मंत्र पुटपुटून ती आपल्या हुकमात आणू पाहत असेल तर वाईट. खरं सांगायचं तर ही कसोटी मलाही पटायची. फक्त ती पुस्तकांपुरतीच होती.

कारण त्याच खोलीत खाटेवर त्यांची बायको, माझी मोठी आई कौशल्याबाई, पाय उशीवर ठेवून पडलेली असायची. तिला शुगर. अंगठ्याला जखम झाली होती आणि ती चिघळत चालली होती. मास्तरांनी कुठल्याशा शिबिरातून प्रार्थना केलेलं तेल आणलं होतं. दिवसातून तीनदा लावायचं, ठरलेली सात वाक्यं म्हणायची आणि गोळ्या बंद, कारण गोळी घेतली की म्हणे विश्वास पातळ होतो. एक वाक्य चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी डॉक्टरचं नाव काढलं की मलाच ऐकावं लागे, "तुह्या मनात शंका हाये, म्हणून गुण येत नाई." माझा नुसता संताप व्हायचा आणि तरी मी गप्प बसायची. त्याची मला अजून लाज वाटते.

एका रविवारी उपासनेनंतर मास्तर घरी एक नवं पुस्तक मोठ्यानं वाचत होते. त्यातला जादूगार आजारी राणीला एक कुपी देतो आणि सांगतो, वैद्याची औषधं फेकून दे, रोज हे शब्द म्हण, बरी होशील. मास्तर खवळले.

"हे पाह्य मंजू, ही वाईट जादू! शब्द म्हटले का देवानं काम केलंच पाह्यजे? देव काय आपला नोकर हाये?"

खाटेवरून मोठी आई म्हणाली, "मंग माह्या पायाले तुम्ही तीन हप्त्यांपासून काय करून राह्यले?"

मास्तरांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, तरी ते बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले.

मी ऑटो बोलावला. या वेळी कुणालाच विचारलं नाही; मोठ्या आईला घेऊन निघाले तसे मास्तरही पुस्तक ठेवून ऑटोत बसले. दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा नर्सनं तोंड फिरवलं. अंगठा काढावा लागेल, आणखी उशीर झाला असता तर पाऊलच गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

प्रत्येक चेटकिणीचा निकाल तोंडपाठ असलेले मास्तर चष्मा पुसू लागले.

"मीच इसरत होती," मोठी आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मग तिलाच फैलावर घेतलं. मास्तरांची बायको आणि इतकी निष्काळजी! मोठी आई खाली बघत ऐकत राहिली. आणि शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याला मान डोलावली.