उसनं संमोहन

बायामो शहरातली सगळी शौचालयं सोराइदा कियालाला तोंडपाठ होती. कुठल्या दाराला आतून कडी नाही, कुठला बेकरीवाला विनवलं की मागचं दार उघडतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. शहराबाहेरचं मात्र एकही शौचालय तिला ठाऊक नव्हतं, कारण गेली कित्येक वर्षं ती शहराबाहेर पडलीच नव्हती. चिरुटाच्या कारखान्यातली नोकरी संपली, नवरा वारला, मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे बाराकोआला गेली. शेवटपर्यंत साथ दिली ती फक्त पोटाने.

डॉक्टर त्याला चिडखोर आतडं म्हणत. नळ्या घालून झाल्या, फोटो काढून झाले, कुठे काही सापडलं नाही. एक तरुण डॉक्टरीण हसून म्हणाली, "आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"बरं," सोराइदा म्हणाली, "मग हे जे काहीही नाही, ते घेऊन मी ट्रकमध्ये कशी बसू?"

ट्रकचा प्रश्न खरा होता. नात लिआनेट पंधरा वर्षांची होणार होती. इकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा; लग्नं काय, पुन्हा होतात. मुलीने फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, पहिला नाच बापाबरोबर, दुसरा आजोबांबरोबर. आता बाबा नाहीत, तर तूच नाचायचंस." आणि बाराकोआला जायला होता फक्त ट्रक. मागच्या हौद्यात फळ्यांची बाकं, सकाळी निघालं की दिवेलागणीला पोचायचं, आणि मध्ये ड्रायव्हरला वाटेल तिथेच थांबायचं. सोराइदाच्या आतड्याचं आणि ड्रायव्हरचं एकमत होण्याची शक्यता कमीच होती.

त्याच सुमारास इस्पितळातल्या डॉक्टर आरेन्सिबियांनी संमोहनावर संशोधन काढलं. शहराला संमोहनाचं नवल नव्हतं. भुलीच्या सुईतलं औषध संपलं की दातांचे डॉक्टर गोड बोलून दाढ उपटत आले होते. औषध बोटीतून यावं लागतं, शब्द इथेच पिकतात. परदेशात चिडखोर आतड्यांना संमोहनाने आराम पडतो असं दिसून आलं होतं. इथली आतडी तितकीच समंजस आहेत का, एवढंच डॉक्टरांना पाहायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या. सोराइदाची शेजारीण एडेलमिरा, तिचंही पोट तसलंच, तिच्या वाट्याला संमोहन आलं. सोराइदा गेली तुलनेच्या गटात, म्हणजे तिला आहाराचं पत्रक मिळालं.

पत्रकात ताजा सॅमन मासा, ब्रोकोली आणि ओट खायला सांगितलं होतं. सोराइदाने ते रेशनच्या दुकानात नेऊन दाखवलं. दुकानदाराने मन लावून वाचलं आणि म्हणाला, "छान लिहिलंय."

"तुम्हालाही संमोहन मिळेल, आजी," आरेन्सिबिया म्हणाले, "संशोधन संपल्यावर. शास्त्राला थोडा धीर लागतो."

"शास्त्राला नात आहे का?"

"नाही."

"मग असेल धीर."

संमोहनाच्या गटाला डॉक्टरांची एकच सक्त ताकीद होती: खोलीत जे ऐकाल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. डॉक्टर स्वतः बायामोच्या एका गल्लीत वाढलेले. तरी त्यांनी अशी ताकीद द्यावी, याला उच्च शिक्षण म्हणतात. या गल्ल्यांमध्ये कॉफीचा पहिला कप भिंतीवरून शेजारी जातो, मग घरातले पितात. मिळालेलं एकटीने ठेवून घेणाऱ्या बाईला लोक मरेपर्यंत चिक्कू म्हणतात, आणि प्रेतयात्रेतही आवाज फारसा खाली आणत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एडेलमिरा तांदळाचं ताट घेऊन सोराइदाच्या ओसरीवर आली.

"बस अशी. डोळे मीट."

"आणि तांदूळ कोण निवडणार?"

"मी निवडते, तू मीट गं. तुझ्या पोटात एक नदी आहे. संथ वाहतेय."

"कुठली नदी?"

"डॉक्टरांनी नाव नाही सांगितलं. आपलीच धर."

"आपली तर आटलीय."

"सोराइदा, तू बरी व्हायला बसलीयस की भांडायला? हात ठेव पोटावर. हात उबदार होतोय. आता खोल, आणखी खोल... पुढचं मी विसरले. असो. तुझं पोट म्हणजे तू नव्हेस. आणि तू तरी कोण मोठी लागून गेलीस?"

हे शेवटचं डॉक्टरांचं नव्हतं. एडेलमिराच्या आठवणीला जिथे भोक पडे तिथे ती स्वतःचं ठिगळ लावत असे. कधी गल्लीतली बातमी, कधी तांदळातल्या खड्यांना शिव्या. पण रोज दुपारी खडे टपटप पडत, तो आवाज लांब जाई, सोराइदाचे खांदे सैल होत. एके दिवशी ती घोडागाडीने बाजारात जाऊन परत आली आणि मागचं दार वाजलं नाही म्हणून बेकरीवाल्याने दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी केली.

शेवटी डॉक्टरांनी बेरजा केल्या. दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

"आजी, तुम्हाला कशाने गुण आला?" त्यांनी चक्रावून विचारलं.

खरं बोलावं तर ताकीद मोडली म्हणून एडेलमिराला संमोहनातून काढणार. "पत्रकाने," सोराइदा म्हणाली.

"सॅमन खाल्लात?"

"चवीला बरा असतो."

डॉक्टरांनी स्वतः सॅमन जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. इस्पितळाच्या समितीने मात्र चटकन निर्णय घेतला: गुण सारखाच असेल तर पत्रक स्वस्त पडतं, संमोहनाची खोली पुढच्या महिन्यापासून बंद.

"तुझ्यामुळे," एडेलमिरा भिंतीपलीकडून म्हणाली, आणि त्या दुपारी आली नाही. दुसऱ्याही दुपारी नाही. तिसऱ्या दिवशी सोराइदाने पुन्हा बेकरीचं मागचं दार वाजवलं. वाढदिवस शनिवारी होता.

ती इस्पितळात गेली ती सत्याची चाड वाटून नव्हे, ट्रकच्या काळजीने. डॉक्टरांच्या दारापुढे पत्रकवाल्यांची रांग होती. "शेवटचं कोण?" असं तिने रीतीप्रमाणे विचारलं, पण पोट थांबू देईना, म्हणून दारातूनच बोलली.

"डॉक्टर, मी सॅमन खाल्ला नाही. मला एडेलमिराने झोपवलं."

रांगेतला एक जाडजूड गवंडी खाकरला. "मला मेहुणीने."

"मला बसथांब्यावर एका बाईने सांगितलं," मागून कुणी म्हणालं. "निम्मंच. तिची बस आली."

डॉक्टर खुर्चीत बसले. "म्हणजे तुलनेचा गट नव्हताच."

"होता की," सोराइदा म्हणाली. "बोलका होता, इतकंच."

आता आकड्यांना काही अर्थ उरला नव्हता, म्हणून खोली बंद करायलाही कारण उरलं नाही. संशोधन पहिल्यापासून करायचं ठरलं. पुढच्या वेळी पत्रकवाले दुसऱ्या शहरातून घेऊ, असं डॉक्टर म्हणाले. जिथे इथल्या कुणाचेच पाव्हणे नाहीत असं शहर शोधा, असा सोराइदाने सल्ला दिला, आणि डॉक्टरांनी तो लिहूनही घेतला.

दुपारी एडेलमिरा ताट घेऊन आली. "माझं नाव घ्यायची काय गरज होती?"

"मग काय सॅमनचं घेऊ?"

"मीट डोळे, चल."

शनिवारी डोंगराच्या वळणांवर पोटाने मान वर काढलीच. सोराइदाने डोळे मिटून पोटावर हात ठेवला.

"बरं नाही का वाटत, मावशी?" शेजारच्या बाईने विचारलं.

"औषध घेतेय."

"मलाही द्या थोडं. वळणांनी मळमळतंय."

सोराइदाने दिलं. निम्म्या ट्रकने घेतलं.

बाराकोआत जावयाने नाचाच्या अंगणात तिची खुर्ची शौचालयाच्या दाराला लागून मांडली होती, बादली काठोकाठ भरून, नवा टॉवेल टांगून. सोराइदाला ते जरा लागलंच. ती खुर्चीत बसली नाही. फुगलेल्या गुलाबी झग्यातल्या लिआनेटचा हात धरून तिने दुसरा नाच पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत नाचला. तिसऱ्या नाचाला तिला जावं लागलं. पण तिसरा नाच आजीने नाचावा, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.