आईचा गोट मोठ्या बांधीत सापडला

मंडळी, आजची दुपार तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी लहान असताना रोवणीच्या दिवसांत आईच्या हातातला चांदीचा एक गोट हरवला. धानाचं रोप उपटून पेंड्या बांधताना पडला असेल, म्हणून सगळ्यांनी रोपाचा वाफा चाळून काढला. मिळाला नाही. तेव्हापासून बाबा थट्टेत म्हणतात, "गोट लाखांदूरले गेला." लाखांदूर म्हणजे आईचं माहेर; तिनेच तो गुपचूप भावाकडे दिला, असा टोमणा. आई यावर कधीच हसली नाही.

आज एका मैत्रिणीचा मेटल डिटेक्टर मागून आणला. त्याच वाफ्यात दोन तास फिरवला. मिळाले खिळे आणि विळ्याचं तुटकं पातं.

वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर बसलेली आई एकदम म्हणाली, "अवं, गोट इथं कायले राहीन? पेंडीतच बांधला गेला असन. पेंड्या तर आपण रोवाले मोठ्या बांधीत फेकल्या होत्या."

इतक्या वर्षांत हे कोणालाच सुचलं नव्हतं.

मोठ्या बांधीत, म्हणजे धानाच्या मोठ्या खाचरात, तिसऱ्या फेरीला मशीन वाजलं. वीतभर खाली काळा पडलेला गोट होता. तो हातात ढिला व्हायचा म्हणून बाबांनी त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. तार हिरवी झालेली, पण जागेवर होती.

बाबांनी तारेवर बोट फिरवलं. "हा पीळ माह्याच हातचा आहे."

आईने गोट राखेने घासला, जोडीच्या गोटासोबत हातात घातला. "उद्या लाखांदूरले जायचं आहे. तुमीबी चला. कुठं भेटला ते माह्या भावासमोर सांगा."

आता बाबा स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री करून राहिले आहेत.

तुमच्या घरात अशी कोणती थट्टा आहे, जिच्यावर एकच माणूस हसत नाही?