चहाच्या आधी खोट

थापा मारून लग्नं जमवणारे गावोगाव भेटतील. खरं बोलून लग्नं जमवणारा या पृथ्वीतलावर एकच, आणि तो म्हणजे माझा कोन गावचा मामा. मुलीकडच्यांच्या घरात पाय ठेवला, की चहा यायच्या आत मुलाची खोट सांगून टाकायची, ही त्याची पद्धत. मुलगा घोरतो, मुलाला गणपतीत पत्ते लागतात, मुलाचे पुढचे केस विकतचे आहेत. "खोट चहाच्या आधी, गुन पोह्यांच्या नंतर," हे त्याचं शास्त्र. "पोट भरल्याव मानूस गुनांवर विश्वास ठेवतो." एकदा तर नवरा मुलगाच उठून चालू लागला. मामानं त्याला दारातून ओढून आणलं आणि "रागीट पन हाय" हेही जाहीर केलं. तरी ते लग्न झालं. मामाच्या खिशात साखरेची पुडी कायम. कुठं काही जमलं, की तिथल्या तिथं सगळ्यांचं तोंड गोड.

माझं मात्र काहीच जमत नव्हतं. मी ज्यांवर कामाला होतो ते काकाचे कापडाचे लूम भंगारात गेल्यापासून मी काल्हेरच्या गोदामांत मुलाखती देत फिरत होतो आणि सगळीकडे एकाच प्रश्नावर आपटत होतो: तुमचे गुण आणि दोष सांगा. मोबाईलवरच्या व्हिडिओत शिकवल्याप्रमाणे मी म्हणायचो, "मी कामात जरा जास्तच काटेकोर आहे, हाच माझा दोष." समोरचा माझ्या भलत्याच काजात अडकलेल्या बटणाकडे बघायचा आणि "कळवतो" म्हणायचा. असे बरेच 'कळवतो' जमल्यावर आईनं दम भरला, की आता नोकरी लागली नाही तर कोनला जाऊन मामाच्या म्हशी सांभाळायच्या. आणि पुढच्या मुलाखतीला तिनं मामालाच माझ्याबरोबर धाडलं.

मामा बाहेर बसेल, ही माझी समजूत. पण गेटवरच्या वॉचमनच्या पोरीचं लग्न मामानंच जमवलेलं! सलाम झाला, नि मामा माझ्या आधी केबिनमधल्या खुर्चीवर. मुलाखत घेणाऱ्या मॅडमना क्षणभर वाटलं, हाच उमेदवार. मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. मी "काटेकोर"मधला 'का' उच्चारतोय तोवर मामानं हात वर केला.

"थांब. आपली खोट आपन सांगाची नसते. बाई, हा सकाळी उठत न्हाय. आनि बहिनीच्या लग्नात खुर्च्यांचा टेम्पो यानं गणेशपुरीला धाडला. लगीन व्हतं आमच्या गावात."

जागा डिस्पॅचची होती. टेम्पो योग्य गावी धाडणे, एवढंच काम. मला समोर म्हशी दिसू लागल्या.

"मग?" मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मामानं चहाची वाट पाहिली. खरंच पाहिली! कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "मंग काय? वऱ्हाड उभंच. पन यानं गप्पा मारून असं हसवलं, की एकानं पन खुर्ची मागितली न्हाय. आता तुमच्याकडची खोट सांगा."

मॅडमनी आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हर लोक फार भांडतात. डिस्पॅचला कोणी टिकतच नाही."

"मंग जमलं!" म्हणून मामानं पुडी सोडली.

नोकरी लागली. शेअर रिक्षातून परतताना मी आनंदाच्या भरात विचारलं, "मामा, एवढ्यांची लग्नं जमवलीस, तुझंच कसं राहिलं?"

मामा बोटाची साखर चाटत होता. "गेलतो ना दोन-तीन ठिकानी. एकटाच. चहाच्या आधी खोट सांगितली." मग पुडीची घडी घालत, "गुन सांगाला बरोबर आपलं मानूस लागतं रे."

अंजूरफाट्याला मला आठवलं, बिनखुर्चीचं वऱ्हाड हसवत उभं ठेवणारा मीच. मग त्याच्या हातातली पुडी घेतली आणि रिक्षातल्या सगळ्यांना साखर वाटली. "कशाची?" शेजारच्या बाईंनी विचारलं. पोहे काही नव्हते, पण मी तिथंच मामाचे गुण सांगायला सुरुवात केली. आमचा नाका आला तरी ते संपले नव्हते. मामा मात्र सगळा वेळ बाहेर बघत होता.