घड्याळ काढून बसणारे चाचा

चर्चेला बसण्याआधी चाचा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे, आणि आम्हा हाताखालच्यांनाही काढायला लावायचे. शेजारच्या देशाशी आपलं जन्माचं वाकडं. तरी दर काही वर्षांनी व्यापार कराराचं नूतनीकरण व्हायचं आणि आपल्या बाजूने बोलायला चाचाच असायचे. दिल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत. मी जालन्याकडच्या वाटूर गावचा, ते जुन्या जालन्याचे. माझे ते पहिल्या दिवसापासून चाचा.

त्यांचे वडील जालन्याच्या मोंढ्यात धान्याचे दलाल. "अब्बा सांगायचे, घाई दिसली की माल सस्त्यात जातो," हे मी शंभरदा ऐकलं असेल. समोरचे भडकले, फायली आपटून उठले, तरी चाचा शांतपणे दुसरा चहा मागवत. इकडे मला घाम फुटे. "जातेत कुठं? आपण बसून राह्यलं की बराबर येतेत," म्हणायचे. आणि ते येतही. कसला चिवट माणूस!

एका खेपेला कराराची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. करार मोडला असता तर सीमेवर अडकलेला माल, त्यात आमच्याकडची मोसंबीही, जागेवर सडली असती. तेवढ्यात जालन्याहून मला फोन आला. चाचांना लहानाचं मोठं केलेली त्यांची थोरली बहीण, आपा, शेवटच्या घटका मोजत होती. मी चिठ्ठी सरकवली. चाचांनी ती वाचली, घडी करून घड्याळाच्याच खिशात ठेवली आणि चहा मागवला. तो चहा तसाच निवला, ते फक्त मला दिसलं.

तिन्ही दिवस ते तसेच बसले. सह्या झाल्या. आम्ही जालन्याला पोचलो तेव्हा आपाची माती होऊन गेली होती.

"दाराकडं बघून राह्यल्ती म्हणे," परतताना चाचा एवढंच बोलले. मला त्या कराराचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर चाचांचाही आला.

यंदा त्यांच्या खुर्चीत मी होतो. घड्याळ खिशात. पहिल्याच आठवड्यात निरोप आला, चाचा आता फार दिवस काढत नाहीत. मी उठून सरळ सांगून टाकलं, "माझं घरचं माणूस जातंय. मला चार दिवस द्या." समोरच्या प्रमुखांनी ते दिले, पण नाक्यावरच्या तपासणीचं एक कलम पदरात पाडून घेतलं. वरिष्ठांची बोलणी खाऊनच मी गाडीत बसलो.

चाचा खाटेवर पडून होते. मला पाहून पहिला शब्द, "करार?"

"अर्धा टाकून आलो."

"घाई दाखवली?"

"दाखवली."

"कितीला पडली?"

"एक कलम गेलं."

चाचा माझा हात धरून म्हणाले, "सस्त्यात सुटला, बेटा." मला रडू आवरेना.

"मंग, आता जल्दी न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई, चाचा."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मातीला मी होतो.