वासरू होतं गा

मी किस्सा फुगवायचा आणि शोभा वानखेडेने त्याला टाचणी लावायची, अशी आमच्या जरीपटक्याच्या वीज कार्यालयात वर्षानुवर्षं वाटणी होती. ती तक्रारींच्या टेबलावर बसे. एका कानाला फोन, हातात पेन, समोर भांडायला आलेला माणूस, आणि तरीही माझ्यासाठी एक कान शिल्लक. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आवाज यायचा, "काहून फेकून राहिले गा भाऊ?"

माझा हुकमी किस्सा शिडीचा. फाटकावरचा दिवा बदलायला लाइनमन कशाला हवा, म्हणून मी, जन्माचा कारकून, स्वतः शिडीवर चढलो. तेवढ्यात खाली एक म्हैस शिंगं रोखून उभी राहिली आणि माझं उतरणं खुंटलं. इथे शोभाची टाचणी ठरलेली. "म्हैस कुठून आणली? वासरू होतं गा. शिडी मीच धरून होती. तुमची खाली पडलेली चप्पल चाटून राहिलं होतं बिचारं." माझ्या म्हशीला लोक हसत, पण खरी दाद वासरालाच मिळे.

मग ती अडखळू लागली. फोनवर ऐकताना लिहिणं जमेना, लिहिताना ऐकू येईना. पाय जड पडत, डोळ्यांपुढे धुकं येई. उन्हाळ्याचे दिवस. ऊन लागलं असेल, पर्समध्ये कांदा ठेवा, असा सल्ला मीच दिला होता. तिने बिचारीने ठेवलाही. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. मेंदूच्या फोटोतले पांढरे ठिपके मला दाखवत ती म्हणाली, "वायरीवरचं रबर खाऊन राहिला हा रोग. करंट आहे गा, पण टायमावर पोचत नाही."

नोकरी सुटली. नंदनवनातल्या घरी तिचा सगळा दिवस कूलरसमोर जाई. उकाडा वाढला की तिचा विचार जागच्या जागी थांबे, आणि कूलर लावला की त्याच्या घरघरीत समोरच्याचं बोलणं हरवे. दोन्हीतलं एकच निवडायचं. ती शब्द शोधू लागली की तिचा नवरा मायेने तो पुरवी. एकदा ती त्याच्यावर चिडली. "माहा शब्द मले काढू द्या ना जी. डोकं रिकामं नाही झालं, रस्ता खराब झाला."

एका दुपारी आम्ही ऑफिसवाले तिला भेटायला गेलो. मी मुद्दाम शिडीचा किस्सा काढला. म्हैस आणली आणि थांबलो.

शोभा माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. कूलर घरघरत होता. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला शांतता सोसत नाही. नवरा हळूच म्हणाला, "म्हैसच होती, नाही का वं?" मी घाईघाईने हसलो आणि दुसरा किस्सा सुरू केला. चहा झाला. आम्ही उठलो.

बाहेर चपला घालत होतो. आत कूलर बंद झाल्याचं जाणवलं.

"भाऊ."

हाक तिच्या नवऱ्याची होती. तो दारात उभा होता, हात अजून दाराशेजारच्या कूलरच्या बटणावरच.

"वासरू," आतून आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. या वेळी नवराही बोलला नाही. "वासरू होतं गा."

"हो बाई," मी म्हणालो, "वासरूच होतं." घरी पोचल्यावर कळलं, मी दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घालून आलो होतो.

मागच्या हिवाळ्यात छातीत कफ साचल्याचं निमित्त झालं आणि शोभा गेली.

शिडीचा किस्सा मी अजून सांगतो. म्हैस येते. तिथे मी गप्प होतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला पुढचं आठवेना. कुणीतरी भला माणूस शब्द पुरवायला तोंड उघडतो.

मी हात वर करून त्याला थांबवतो.